डॉन पॅटरसन: एकाच कानाची तीन कामं

ब्रिटनमध्ये कवितासंग्रहांना मिळणाऱ्या मोजक्या मोठ्या पारितोषिकांपैकी एक म्हणजे फॉरवर्ड. २००० साली सर्वोत्तम संग्रहाचं फॉरवर्ड मायकेल डोनाहीच्या 'कॉन्ज्युर'ला मिळालं, २००१ साली शॉन ओब्रायनच्या 'डाउनरिव्हर'ला आणि २००२ साली पीटर पोर्टरच्या 'मॅक्स इज मिसिंग'ला. डोनाही न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेला, ओब्रायन उत्तर इंग्लंडच्या हल शहरात वाढलेला आणि पोर्टर मूळचा ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा. वयं वेगळी, स्वभाव वेगळे, ओळ लिहिण्याची तऱ्हाही वेगळी. तिन्ही पुस्तकं मात्र पिकाडोर या प्रकाशनाची होती, आणि तिथे कवितेची जबाबदारी होती डंडी या स्कॉटिश शहरातून आलेल्या एका जॅझ गिटारवादकाकडे. डॉन पॅटरसन त्याचं नाव.

हे तिघे पिकाडोरमध्ये एकत्र कसे आले, हे कळल्याशिवाय पॅटरसनच्या कामाचं मोल कळत नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने समकालीन कवितेची पुस्तकं काढणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण सरळ होतं: ती पुस्तकं पैसे मिळवून देत नव्हती. केवढा गदारोळ झाला, पण निर्णय फिरला नाही. डोनाही, ओब्रायन आणि पोर्टर हे तिघेही ऑक्सफर्डचेच कवी. एका फटक्यात ते बेघर झाले. ऑक्सफर्डचे अनेक कवी मँचेस्टरच्या कार्कनेट प्रकाशनाकडे गेले, हे तिघे पॅटरसनकडे आले. ज्या कवींना एका जुन्या, श्रीमंत प्रकाशनाने हिशेबाच्या वहीतून खोडलं, त्यांनीच पुढची तीन वर्षं ओळीने देशातलं मोठं पारितोषिक नेलं.

एवढ्यावर ते थांबलं नाही. २००४ साली कॅथलीन जेमीचं 'द ट्री हाउस', २००६ साली रॉबिन रॉबर्टसनचं 'स्विदरिंग', २००७ साली पुन्हा ओब्रायनचं 'द ड्राउन्ड बुक'. आठ वर्षांत सहा वेळा एकाच प्रकाशनाचा संग्रह. 'द ड्राउन्ड बुक'ने त्याच वर्षी टी. एस. एलियट पारितोषिकही मिळवलं. त्याआधी २००५ साली कॅरल अ‍ॅन डफीच्या 'रॅप्चर'ला आणि नंतर २०१६ साली जेकब पॉलीच्या 'जॅकसेल्फ'ला एलियट मिळालं, तीही पुस्तकं पिकाडोरचीच. पारितोषिकं म्हणजे कविता नव्हे, हे मान्य. पण निवड करणाऱ्याचा कान किती पक्का होता, याचा अंदाज या यादीवरून येतो.

पॅटरसनचा जन्म १९६३ चा. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, गिटार हातात घेतली, १९८४ साली लंडनला गेला. सॅक्सोफोनवादक टिम गारलंडबरोबर त्याने लॅमस नावाचा बँड काढला. जॅझ आणि स्कॉटिश-आयरिश लोकसंगीत यांचा मेळ घालणारा हा बँड बरीच वर्षं चालला. कविता उशिरा आली, पण आली ती तयारीनिशी. १९९३ साली फेबरने काढलेल्या 'निल निल' या पहिल्याच संग्रहाला पहिल्या संग्रहासाठीचं फॉरवर्ड मिळालं. १९९७ चं 'गॉड्स गिफ्ट टू विमेन' आणि २००३ चं 'लँडिंग लाइट' या दोन्हींना एलियट पारितोषिक. ते दोनदा मिळवणारा तो पहिला कवी. २००९ साली 'रेन'ला सर्वोत्तम संग्रहाचं फॉरवर्ड. २०१५ साली '४० सॉनेट्स'. याशिवाय सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अध्यापन, प्राध्यापकपद, कवितेसाठीचं राणीचं सुवर्णपदक. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाचा हा प्रवास आहे आणि तो स्वतः त्याचं भांडवल करत नाही, म्हणून मीही पुढे जातो.

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये. पॅटरसनच्या स्वतःच्या कविता फेबर काढतं, पिकाडोर नाही. ज्या प्रकाशनाच्या किल्ल्या आपल्या हातात आहेत तिथे स्वतःचं पुस्तक न काढणं ही साधी, स्वच्छ शिस्त आहे. आपण ज्यांची पुस्तकं काढतो त्यांच्याशी आपली स्पर्धा एकाच घरात होऊ नये, आणि आपल्या हस्तलिखितावर दुसऱ्या कुणाची तरी कात्री चालावी, असे दोन्ही फायदे त्यात आहेत. गंमत अशी की रॉबिन रॉबर्टसन हा दुसरा स्कॉटिश कवी जोनाथन केप या प्रकाशनात संपादक होता आणि त्याच्या कविता पिकाडोर काढत असे. म्हणजे संपादकाचाही संपादक पॅटरसन.

आता मुख्य मुद्द्याकडे. पॅटरसनबद्दल लिहिताना लोक कवी, संपादक आणि सिद्धांतकार असे तीन कप्पे करतात. मला वाटतं ही विभागणी चुकीची आहे. तिन्ही कामं एकाच समजुतीतून आली आहेत: कवितेत आवाज हा अर्थावर चढवलेला साज नाही, आवाज हाच अर्थाकडे जाण्याचा रस्ता आहे. हे त्याने २००७ च्या सुमारास 'पोएट्री रिव्ह्यू' या नियतकालिकातल्या लेखांत मांडलं आणि २०१८ साली 'द पोएम' या सातशेच्या वर पानांच्या ग्रंथात सविस्तर मांडलं. ग्रंथाचे तीन भाग आहेत: नाद, चिन्ह, छंद. त्यातला नादाचा भाग कवितेच्या कुठल्याही वाचकाने वाचावा असा आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. इंग्रजीच्या उत्तम ओळींत व्यंजनं पुन्हा पुन्हा येतात आणि स्वर बदलत राहतात. व्यंजनं शब्दाला आकार देतात, अर्थाच्या कडा ठरवतात. स्वर भावना वाहून नेतात, कारण सूर लांबवायचा, चढवायचा, उतरवायचा तो स्वरावरच. व्यंजनं तीच ठेवली की ओळ एकसंध वाटते, स्वर बदलले की ती जिवंत वाटते. उलटं केलं, म्हणजे एकच स्वर ओळभर घुमवला, तर दोन-तीन शब्दांनंतर कान कंटाळतो किंवा ओळ जाहिरातीच्या घोषवाक्यासारखी वाटू लागते. नवशिक्याची कविता इथेच फसते. त्याला पूर्ण यमक म्हणजे कारागिरी वाटते आणि तो ओळीच्या शेवटी तोच स्वर, तेच व्यंजन जुळवत बसतो.

हा सिद्धांत प्रत्यक्ष बघायचा असेल तर 'लँडिंग लाइट'मधलं एक सुनीत, म्हणजे सॉनेट, घ्या. बापाला जाग येते तेव्हा शेजारी तान्हा मुलगा आहे, तोंडासमोर तोंड. मुलाच्या चेहऱ्यावर हसू उमटतं आणि बापाच्या चेहऱ्यावर तेच हसू परत येतं. इतकाच प्रसंग. चौदा ओळी, आणि यमकं फक्त दोन. विषम ओळींचे शेवटचे शब्द असे येतात: बिगॅन, अगेन, ग्रिन, कमिन, रॅन, ऑन, मेन. सम ओळींचे असे: लव्हर्स, वेव्हर, रिडिस्कव्हर्ड, एव्हर, गिव्हर, रिव्हर, फॉरएव्हर.

आता हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या गटात 'न' सातही वेळा तसाच राहतो, त्याच्या आधीचा स्वर सारखा सरकतो. दुसऱ्या गटात 'व्ह' टिकून राहतो आणि त्याआधीचा स्वर बदलतो. शेवटाकडे गिव्हर आणि रिव्हर हे गटात लागोपाठ येणारं एकच पूर्ण यमक येतं, तेही नेमकं जिथे हसू बापलेकांमधून नदीसारखं वाहू लागतं तिथे. बाकी लागोपाठच्या शब्दांत अर्धं यमक. दिलेलं हसू परत येतं पण हुबेहूब तेच नसतं, हा कवितेचा आशय, आणि शेवटचा आवाज परत येतो पण हुबेहूब तोच नसतो, ही तिची घडण. आशय आणि घडण यांत बोटभर फट नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. सातव्या ओळीत इटालियन शब्द येतात, 'मेत्सो देल कमिन', म्हणजे वाटेच्या मध्यावर. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'च्या पहिल्याच ओळीतले हे शब्द. आयुष्याच्या मध्यावर वाट हरवलेला माणूस. चौदा ओळींच्या कवितेत सातवी ओळ म्हणजे बरोबर मध्य, आणि वाटेचा मध्य तिथेच उच्चारला जातो. नवव्या ओळीत, म्हणजे सुनीत जिथे परंपरेने वळण घेतं तिथे, मुलगा पुढे घुसतो आणि धावता धावता वाट उजळत जातो. वळणाच्या जागी कवितेतला माणूसच वळतो. हे सगळं वाचकाला पहिल्या वाचनात दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. कानाला ते कळलेलं असतं.

सुनीतावर पॅटरसनचा जीव आहे. १९९९ साली त्याने फेबरसाठी '१०१ सॉनेट्स' हे संकलन केलं, शेक्सपिअरपासून आयरिश कवी शेमस हीनीपर्यंत. त्याची प्रस्तावना लहान आहे आणि सुनीत लिहू पाहणाऱ्या कुणालाही ती वर्षभराच्या वर्गाइतकी उपयोगी पडेल. इंग्रजी सुनीताची ओळ साधारण दहा अक्षरांची आणि अशा चौदा ओळी, त्यामुळे छापलेल्या पानावर ते जवळपास चौरस दिसतं, हे निरीक्षण तिथलंच. डोळा पानावर पडताच वाचकाला कळतं की हे छोटं आहे, बंदिस्त आहे, एका दमात संपणार आहे. वाचायला सुरुवात करण्याआधीच आकाराने एक करार केलेला असतो.

त्याला जोडूनच तो तीन सेकंदांची गोष्ट सांगतो. फ्रेडरिक टर्नर आणि अर्न्स्ट प्योपेल या दोघांनी १९८३ साली एका लेखात मांडलं होतं की जगभरच्या अनेक भाषांत कवितेची ओळ म्हणायला साधारण तीन सेकंद लागतात आणि माणसाचं मन जेवढा काळ 'आत्ता' म्हणून एकत्र धरू शकतं तोही तेवढाच असतो. पॅटरसन हा धागा पुढे नेतो. हिशेब करा: तीन सेकंदांच्या चौदा ओळी म्हणजे बेचाळीस सेकंद. मिनिटाच्या आत सगळं आटोपतं. आपल्याकडे केशवसुतांनी सुनीत आणलं आणि मराठीत ते शार्दूलविक्रीडितासारख्या १९ अक्षरी वृत्तात रुळलं. १४ गुणिले १९ म्हणजे २६६ अक्षरं. इंग्रजी सुनीत १४० च्या आसपास. जवळजवळ निम्मी जागा. त्यामुळे मराठी सुनीतात वर्णनाला, संबोधनाला, एखाद्या दृष्टान्ताला जागा मिळते. इंग्रजी सुनीतात एकच विचार आणि एकच वळण मावतं, दुसरा विचार घुसवला की दोन्ही अर्धवट राहतात. इंग्रजी सुनीतं मराठीत आणताना दोन शब्दांच्या जागी चार घालण्याचा मोह होतो, त्याचं कारणही हेच.

नियम कशासाठी, हा प्रश्न त्याला नेहमी विचारला गेला. पॅटरसनचं उत्तर मला पूर्ण पटतं. कवीला काय म्हणायचं आहे हे आधीच ठाऊक असेल आणि तो ते मोकळेपणी लिहून टाकत असेल, तर त्याच्या हातून तेच लिहिलं जातं जे त्याला ठाऊक होतं. यमक, मात्रा, ओळींची संख्या यांचा विरोध झाला की सरळ वाट बंद होते आणि मनाला असा शब्द शोधावा लागतो जो त्याने एरवी निवडला नसता. कविता बहुतेक वेळा त्या आडवाटेवर सापडते. यातला धोकाही तो जाणतो: विरोधापुढे कवी शरण गेला की यमकच ओळ ओढत नेतं. ओळखायची खूण सोपी आहे. ओळीतून यमकाचा शब्द काढा आणि स्वतःला विचारा की गद्यात मी हा शब्द इथे वापरला असता का. उत्तर नाही असेल आणि त्या शब्दाने नवं काही दाखवलंही नसेल, तर ती ओळ फक्त जुळणीसाठी उभी आहे.

शांततेकडे तो तितक्याच गंभीरपणे बघतो. कवितेभोवतीची पांढरी जागा ही त्याच्या लेखी कवितेचाच भाग आहे. 'गॉड्स गिफ्ट टू विमेन'मध्ये एक कविता आहे. शीर्षक लांबलचक: क्यूशू पर्वतात एका झेन गुरूला भेटायला जाणं आणि तो न भेटणं. शीर्षकाखाली पान कोरं. गुरू भेटला नाही, कविताही भेटत नाही. चिनी-जपानी परंपरेत गुरूची गाठ न पडण्यावरच्या कवितांचा एक जुना प्रकार आहे, त्याचं हे शेवटचं टोक. छापलेल्या पुस्तकातच ती पूर्ण होते, कारण पान उलटेपर्यंतचा वेळ हीच ती कविता. त्याच संग्रहात बऱ्याच कवितांची शीर्षकं घड्याळातली वेळ आणि स्थानकाचं नाव अशी आहेत. ती स्थानकं डंडी ते न्यूटाइल या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची. जो मार्ग आता नाही त्याच्या वेळापत्रकावर संग्रह बेतलेला.

इथे संपादक दिसू लागतो. संग्रह बांधणं हे स्वतंत्र काम आहे आणि बहुतेक कवींना ते जमत नाही. छापखान्यात कागद १६ पानांच्या घड्यांत दुमडला जातो, म्हणून ब्रिटनमधला सडपातळ कवितासंग्रह बरेचदा ६४ पानांचा असतो, चार घड्यांचा. त्यातून शीर्षकाची, हक्कांची, अनुक्रमणिकेची, अर्पणाची पानं वजा केली की कवितांना पन्नास-पंचावन्न पानं उरतात. एवढ्या जागेत काय ठेवायचं, काय गाळायचं, कुठली कविता कुठल्या कवितेच्या समोरच्या पानावर येऊ द्यायची, हे ठरवावं लागतं. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. सगळ्या जोरदार कविता सुरुवातीला लावल्या की मधला भाग बसतो. एकाच लकबीने संपणाऱ्या दोन कविता लागोपाठ आल्या की दुसरी खोटी वाटते. आणि कवितेने जे आधीच सांगितलंय ते शेवटच्या दोन ओळींत पुन्हा समजावलं की वाचकाचा हात सुटतो. संपादकाची पेन्सिल बहुधा या शेवटच्या दोन ओळींवरच फिरते.

पॅटरसनचा स्वतःचा 'रेन' या दृष्टीने उघडून बघण्यासारखा आहे. पहिली कविता दोन झाडांची. एक माणूस संत्र्याचं आणि लिंबाचं झाड एकमेकांत बांधून वाढवतो. पुढे घर विकलं जातं आणि नवा मालक ती फोडून वेगळी करतो. वाचक आपसूक रूपक शोधू लागतो आणि कविता शेवटी बजावते की झाडं दुःखाने मेली वगैरे नाहीत, ही कविता फक्त झाडांबद्दल आहे. शेवटची कविता 'रेन'. छोट्या ओळींची, दोन-दोन ओळींच्या यमकांत, पावसाने सुरू होणाऱ्या चित्रपटांबद्दल. तीही शेवटी सगळं पुसून टाकते: यातल्या कशानेच काही फरक पडत नाही. म्हणजे संग्रहाच्या दोन्ही दारांवर अर्थ नाकारणाऱ्या कविता उभ्या आहेत आणि आत मात्र मृत्यू, मुलं, मैत्री यांनी काठोकाठ भरलेलं घर. मधल्या कवितांमधलं दुःख खरं वाटतं ते या दोन नकारांमुळे. हा क्रम बदलला तर कविता त्याच राहतील, पुस्तक मात्र पडेल.

'रेन'च्या मध्यभागी असलेली व्यक्ती म्हणजे मायकेल डोनाही. तो सप्टेंबर २००४ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. डोनाही आयरिश बासरी वाजवायचा, कविता पाठ म्हणायचा, आणि छंदाबद्दलची त्याची समज पॅटरसनच्या समजेला अगदी जवळची होती. संग्रहातली 'फँटम' ही सात भागांची शोककविता त्याच्यासाठी आहे. शेवटाकडे मेलेला मित्र स्वतः बोलू लागतो, आणि सांत्वन करत नाही. माझ्या मते गेल्या काही दशकांत इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या उत्तम शोककवितांत तिची गणना व्हावी.

मित्र गेल्यावर संपादक काय करू शकतो, तेही इथे दिसतं. २००५ साली डोनाहीचा अखेरचा संग्रह 'सेफेस्ट' पिकाडोरने काढला. २००९ साली समग्र कविता आणि गद्यलेखनाचं पुस्तक निघालं. २०१४ साली, मृत्यूला दहा वर्षं झाली तेव्हा, पॅटरसनने 'स्मिथ' लिहिलं: डोनाहीच्या निवडक कविता आणि प्रत्येकीवर छोटं टिपण. त्यात प्राध्यापकी थाट नाही. कुठे विनोद कळीचा आहे, कुठे कवी वाचकाला चकवतो, कुठली ओळ सगळ्या कवितेचं वजन पेलते, असं बोलत बोलत तो पुढे जातो. शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांवर त्याने २०१० साली केलेली टिपणं याच वळणाची आहेत. तिथे तो काही सुनीतांना सरळ सामान्य म्हणतो. विद्वानांना ते खटकलं. पण १५४ पैकी १५४ उत्तम असूच शकत नाहीत, आणि कुठलं का फसलं हे कळल्याशिवाय कुठलं का साधलं हेही कळत नाही. कवीने कवीला असंच वाचावं.

दुसऱ्या भाषेतल्या कवींशी त्याचं नातं हा वेगळा विषय होईल, पण दोन पुस्तकांचा उल्लेख हवाच. १९९९ चं 'दी आइज' स्पॅनिश कवी आंतोनिओ मचादोवर आधारित, २००६ चं 'ऑर्फियस' जर्मन भाषेतला कवी रिल्के याच्या सुनीतांवर. रिल्केने ती ५५ सुनीतं फेब्रुवारी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्यूझो इथल्या घरात झपाटल्यासारखी लिहिली. पॅटरसन आपल्या कामाला भाषांतर म्हणत नाही, मूळ कवितेवरून रचलेली इंग्रजी कविता मानतो, आणि 'ऑर्फियस'च्या शेवटी त्याने या फरकावर चौदा टिपा लिहिल्या आहेत. सुनीताच्या ओळी चौदा, टिपाही चौदा. भाषांतर मूळ शब्दांना बांधलेलं असतं, म्हणून ते इंग्रजीत लंगडलं तरी मूळाचा आधार सांगू शकतं. अशा रचनेला तो आधार मागता येत नाही. ती इंग्रजी कविता म्हणून उभी राहिली नाही तर संपली. वाचकाची गफलत होते ती ही पुस्तकं मचादो किंवा रिल्के समजून वाचल्यामुळे. मूळ कवी हवा असेल तर शेजारी शब्दशः भाषांतर ठेवा आणि पॅटरसनला पॅटरसन म्हणून वाचा.

त्याच्या कामाची उणी बाजूही सांगितली पाहिजे. २००४ साली लंडनमध्ये दिलेल्या टी. एस. एलियट व्याख्यानात त्याने दोन्हीकडे तोफ डागली. एकीकडे कवितेला मन मोकळं करण्याचं साधन समजणारे, दुसरीकडे वाचकाची पर्वा न करता दुर्बोध लिहिणारे प्रयोगवादी. नळ जोडणं नळकाम शिकलेल्याचं काम, तशी कविता लिहिणं कवीचं काम, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी अमेरिकी कवी चार्ल्स सिमिकबरोबर अमेरिकी वाचकांसाठी त्याने नव्या ब्रिटिश कवितेचं संकलन केलं आणि प्रस्तावनेत प्रयोगवाद्यांना झोडपलं. संकलनातही त्यांना जागा नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. अमेरिकी वाचकाला ब्रिटिश कवितेचा नकाशा देताना एक अख्खा प्रांत कोरा ठेवला गेला, आणि कोरा ठेवणाऱ्याच्या हातात देशातली एक महत्त्वाची काव्ययादीही होती. सत्ता आणि मत एकाच ठिकाणी आली की मताला नको इतकं वजन येतं.

पण त्याच पॅटरसनच्या कारकिर्दीत पिकाडोरने २०१६ साली डेनिस रायलीचं 'से समथिंग बॅक' काढलं. रायली केंब्रिजच्या त्या प्रयोगशील परंपरेतूनच आलेली कवयित्री. मुलाच्या मृत्यूवरची तिची 'अ पार्ट साँग' ही वीस भागांची कविता २०१२ साली सर्वोत्तम एका कवितेचं फॉरवर्ड घेऊन गेली होती. तिच्यात गाण्याचे तुकडे आहेत, बालगीताची लय आहे, मधेच स्वतःलाच कापणारा कोरडा सूर आहे. २०१४ साली के टेम्पेस्टचं 'होल्ड युअर ओन' निघालं, रंगमंचावरून आणि रॅपमधून आलेली कविता. व्याख्यानातला पॅटरसन या दोघांकडे पाठ फिरवेल असं वाटलं असतं. संपादक पॅटरसनने ऐकलं आणि छापलं. त्याचा कान त्याच्या मतांहून मोठा आहे, आणि कवितेच्या संपादकाबद्दल याहून मोठी गोष्ट मला सांगता येणार नाही.

ज्यांनी त्याला अजून वाचलं नाही त्यांनी 'रेन'पासून सुरुवात करावी, पुढून मागे, क्रम न मोडता. मग 'लँडिंग लाइट'. 'निल निल' तिसरं ठेवा. शीर्षककविता एका फुटबॉल क्लबच्या घसरणीची आहे आणि तिच्या माथ्यावरचं अवतरण फ्रांस्वा ओसमँ या फ्रेंच लेखकाचं म्हणून दिलंय. असा लेखक कधी नव्हता, तो पॅटरसनने रचलेला आहे, तेव्हा शोधत बसू नका. '१०१ सॉनेट्स'ची प्रस्तावना कधीही वाचता येते. 'द पोएम' मात्र हाती शेवटी घ्यावा, आणि त्यातही नादाच्या भागापाशी पहिल्यांदा थांबलात तरी चालेल. छंदाचा भाग इंग्रजी आघातांवर उभा आहे आणि आघात कानाला ओळखीचे होईपर्यंत तो नुसता तक्ता वाटतो. 'लँडिंग लाइट'मध्ये काही कविता स्कॉट्स भाषेत आहेत. त्या डोळ्यांनी वाचल्या तर अडतात, मोठ्याने म्हटल्या की निम्मे शब्द आपोआप उलगडतात, आणि उरलेल्या शब्दांसाठी पॅटरसनने स्वतःच निवडलेल्या, जुना स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याच्या कविता शेजारी ठेवाव्यात.